जंगल राखायचं आम्ही, पाणी प्यायचं त्यांनी? – वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण शेती, नदी आणि जंगल या तिन्हीसाठी गावं, संस्था, सरकार आणि कधीकधी कंपन्यासुद्धा एकत्र येऊन काम करतात त्यावर लेख दिला होता, आणि त्यावर एवढी पत्रं अन व्हॉट्सॲप मेसेज आलेत की संपादकांनी मला दोन पानं जास्त दिली. तरी सगळे प्रश्न बसत नाहीयेत, काही कापूनच छापतेय, राग मानू नका. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय म्हणून फक्त गावं/तालुके देतेय.

प्रश्न : आमचं वडिलोपार्जित साडेतीन एकर जंगल आहे, उतारावर, खाली पऱ्या वाहतो. सातबाऱ्यावर चार भावांची नावं, त्यातले दोघे मुंबईला. तोडवाला दलाल दर दोन महिन्यांनी येऊन उक्ता भाव सांगून जातो आणि मुंबईवाले म्हणतात देऊन टाक. गावात कोणीतरी म्हणालं की झाडं न तोडण्याचेही पैसे देणारे लोक आहेत. खरं आहे का ही थाप आहे? – संगमेश्वर

थाप नाही दादा, पण तुम्ही समजताय तेवढे पैसे नाहीत, हे आधीच सांगते म्हणजे भावांसमोर तोंडघशी पडायला नको.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात जंगल म्हणून जे दिसतं ते बहुतेक खाजगी मालकीचं आहे, सरकारी वन त्यामानाने थोडं. म्हणजे इथलं जंगल वाचणार का नाही हे वनखात्यापेक्षा तुमच्यासारख्या चार भावांच्या गणपतीतल्या बैठकीत ठरतं. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन नावाची संस्था, १९९४ पासूनची, तुमच्याच तालुक्यात बरीच वर्षं काम करतेय. सुरुवात देवरायांपासून केली, मग खाजगी जंगलाच्या मालकांशी करार करायला लागले की इतकी वर्षं तोड करायची नाही आणि त्याबदल्यात मोबदला. पुढची पायरी मला जास्त आवडते, ती म्हणजे बेहडा. बेहड्याचं जुनं झाड लाकूड म्हणून फुटकळ भावात जातं, पण त्याच्याच ढोलीत धनेश घरटं करतो. मादी आत शिरून ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर तिला फळं आणून भरवतो. एवढी मोठी ढोली असलेलं झाड पडलं तर दुसरं तयार व्हायला माणसाचं आयुष्य जातं. तर या लोकांनी काय केलं, झाडाची फळंच विकायची व्यवस्था लावली. फेअरवाइल्ड नावाचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट आहे, त्यात झाडावर किती फळं सोडायची, फांदी तोडायची नाही, गोळा करणाऱ्याला भाव किती, सगळं लिहून घेतात आणि तपासायला माणूस येतो. ब्रिटनमधली पक्का हर्ब्स ही हर्बल चहावाली कंपनी असा माल घेते, आपल्या त्रिफळ्यातलाच हिरडा-बेहडा. भीमाशंकरकडे महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करतात तिथेही हेच काम चालतं.

आता पैशाचं. दलाल एकरकमी देतो आणि एकाच पावसाळ्यात डोंगर बोडका करतो, फळांचे पैसे दरवर्षी येतात पण थोडे, आणि चार भावांत वाटले की अजून थोडे. त्यामुळे मुंबईच्या भावांना "यात जास्त फायदा आहे" असं सांगू नका, ते हिशोब करतील आणि तुम्ही पडाल. त्यांना सांगा की पऱ्याच्या दोन्ही कडेची झाडं अन वरचा उतार राखू, खाली बांधालगत जे किंजळ-ऐन आहे त्यातलं लागेल तेवढं परवानगी काढून तोडू. परवानगीवरून आठवलं, १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत हिरडा, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ हे सगळे आहेत, स्वतःच्या जमिनीतले असले तरी, आणि दलाल "मी बघतो साहेबांचं" म्हणत असला तरी नोटीस मालकाच्या नावावर येते. करार कोणाशीही करा, संस्थेशी असो का कंपनीशी, सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या, मुदत किती वर्षं, आणि वादळात झाड पडलं तर लाकूड कोणाचं, या तीन गोष्टी कागदावर आल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे वाशिष्ठीत पोकलेन उतरले, किती गाळ काढला त्याचे आकडे रोज पेपरात येत होते. मग आता नदीचं पुनरुज्जीवन झालं असं म्हणायचं का? – चिपळूण

गाळ काढला, एवढंच म्हणायचं. २२ जुलै २०२१ ला ज्यांच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं त्यांना "गाळ काढू नका, नदीला त्रास होतो" असं सांगायची माझी हिंमत नाही आणि ते बरोबरही नाही. लोक उपोषणाला बसले, नाम फाउंडेशनने मशिनरी लावली, सरकारने डिझेल दिलं, हीपण भागीदारीच. पण गाळ आला कुठून? वरच्या उतारावरून, जिथे तोड झाली, रस्त्यासाठी डोंगर कापला, माती सैल झाली. तो उतार तसाच असेल तर गाळ परत येणार आणि पोकलेनही. शिवाय वाशिष्ठीचं दुखणं अजून गुंतागुंतीचं आहे, कोयनेचं वीज तयार करून झालेलं पाणी याच नदीत येतं, खालून भरतीचं पाणी वर चढतं, मधे शहर बसलंय.

आणि जिथे पूर नाही, नुसतं "पुनरुज्जीवन" म्हणून नदी-नाले खोल-रुंद करत सुटलेत तिथे तर जपूनच. सगळे शिरपूर पॅटर्नचं नाव घेतात. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल केले ते स्वतः भूगर्भशास्त्रज्ञ होते आणि खाली तापीचा गाळाचा जाड थर आहे, त्यात पाणी मुरतं. तेच तुम्ही काळ्या कातळात केलंत तर पाणी मुरत नाही, खड्ड्यात उभं राहतं आणि उन्हात उडून जातं, उलट पात्राची पातळी खाली गेल्याने काठच्या विहिरींचं पाणीच नदीकडे ओढलं जाऊ शकतं. सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेच्या वेळी अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी हायकोर्टात याचिका केली त्यातली एक मुख्य तक्रार हीच होती, माथा सोडून पायथ्याला जेसीबी का.

मी स्वतः नदीचं काम बघायला गेले की सरळ काठ बघते. करंज, उंबर, जांभूळ, खाडीकडे समुद्रफळ, ही झाडं ठेवलीत का उपटून बांध घातलाय? डोह शिल्लक आहेत का सगळं पात्र एका मापात ताशीव केलंय? डोह गेला की उन्हाळ्यात मासा जाणार कुठे. आणि अजून एक, मीटिंगला कोण कोण होतं ते विचारा. तुमच्याकडे लोटे परशुरामच्या कारखान्यांचं पाणी शेवटी दाभोळ खाडीत जातं, खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडतायत. २ ऑक्टोबर २०२२ ला सेवाग्रामला "चला जाणूया नदीला" हे अभियान सुरू झालं, त्यात नदीसाठी गाव, अधिकारी, अभ्यासक एकत्र बसवायची कल्पना चांगली होती. पण नदीच्या बैठकीत जर खाडीतला भोई आणि कारखान्याचा मॅनेजर दोघेही नसतील तर ती बैठक चहा-बिस्किटांपुरतीच.

प्रश्न : आमच्या शेतापर्यंत उजनीचं बॅकवॉटर येतं. हिरवं पाणी, जलपर्णी, उन्हाळ्यात वास. पुण्याची घाण आमच्या माथी. तुमच्या लेखात अमेरिकेतल्या शहराने शेतकऱ्यांना पैसे दिल्याचं लिहिलं होतं, मग पुणे आम्हाला का देत नाही? – करमाळा

रागावून लिहिलंय पण प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

न्यूयॉर्क शहराचं सुमारे ९० टक्के पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर भागातून येतं, शे-दोनशे किलोमीटरवरून, आणि तिथे डेअरीवाले शेतकरी आहेत, जंगलं आहेत, छोटी गावं आहेत. १९८९ च्या सुमाराला केंद्राने नियम आणला की असं उघड्या तलावातलं पाणी गाळून द्या नाहीतर मुळातच स्वच्छ आहे हे सिद्ध करा. गाळण केंद्राचा अंदाज निघाला सहा अब्ज डॉलर आणि त्याहून जास्त. तेव्हा शहराने हिशोब केला की त्यापेक्षा वरच्या शेतकऱ्याच्या गोठ्याचा खर्च आपण उचललेला परवडला. १९९७ ला करार झाला. शेणखताचे हौद, ओढ्याकाठी कुंपण म्हणजे गाई थेट पाण्यात उतरणार नाहीत, काठाला झाडांची पट्टी, गावांचे सेप्टिक टँक दुरुस्त करणं, हे सगळं बहुतेक शहराच्या पैशातून. शेतकरी आधी भयंकर चिडलेले होते, कारण याच शहरासाठी धरणं बांधताना त्यांच्या आधीच्या पिढ्यांची गावं बुडाली होती (ओळखीचं वाटतंय ना?). म्हणून मग शेतकऱ्यांचीच परिषद काढली, प्रत्येक शेताचा आराखडा शेतकऱ्याला विचारून, भाग घेणं ऐच्छिक, फक्त अट अशी की ८५ टक्के शेतं आली पाहिजेत नाहीतर शहर कडक नियम लावणार. म्हणजे गोड बोलणं होतं आणि खिशात छडीपण होती. पुढे २०१४ च्या शेती कायद्यात त्यांनी अशा प्रादेशिक भागीदाऱ्यांसाठी वेगळी केंद्रीय योजनाच आणली, त्यात सरकार पैसे देतं पण भागीदारांनीही स्वतःचं काही घालावं लागतं.

आता तुमचं. न्यूयॉर्क खाली आहे आणि पाणी पितं, म्हणून पैसे देतं. पुणे तुमच्या वर आहे आणि पाणी सोडतं! मुळा-मुठा खराब झाली तर पुण्याचा नळ बंद पडत नाही, उजनी खराब होते. त्यामुळे पुण्याने मनाने तुमच्याकडे यावं असं काहीच कारण नाही, तिथे १९७४ चा जलप्रदूषण कायदा, हरित लवाद आणि आमदारांच्या मागे लागणं हाच रस्ता. जपानच्या जायकाचं कर्ज घेऊन ११ शुद्धीकरण केंद्रं बांधायचा सुमारे ९९० कोटींचा प्रकल्प किती वर्षं रेंगाळला ते तुम्ही बघितलंयच. सोलापूर शहरही उजनीचंच पाणी पितं, तर करमाळा, माढा, इंदापूर आणि सोलापूर महापालिका मिळून एक पक्षकार झालात तर तुमच्या एकट्याच्या अर्जापेक्षा वजन पडेल. आत्ता काय होतं, उजनीचं पाणी कुणाला किती यावरून तुम्ही आपसातच भांडता आणि पाणी कसलं येतंय हा विषय राहतो बाजूला.

पण पुणेकरांनीही हे वाचावं. न्यूयॉर्कसारखी जागा पुण्याची आहेच, फक्त वरच्या बाजूला. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला, ही चार धरणं आणि त्यांचे वेल्हे-मुळशीचे डोंगर. तिथे उतार सपाट करून फार्महाऊसचे प्लॉट पडतायत, सांडपाणी कुठे जातं कोणी विचारत नाही, आणि ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांची पोरं त्याच फार्महाऊसवर वॉचमन आहेत. नागली-भात करणाऱ्या त्या गावांना पुण्याच्या पाणीपट्टीतून उतार राखायचे पैसे द्यायला काय हरकत आहे, मला तरी दिसत नाही.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला. आता तेंदूचा सीझन आला की दोन गट पडतात. बाया म्हणतात पान तोडलंच पाहिजे, एवढा रोख पैसा दुसरा नाही. पोरं म्हणतात पानापायी जंगल जळते. काय करावं? – गडचिरोली

दोघांचंही खरं आहे, आणि बायांचं आधी ऐका, कारण मे महिन्याच्या उन्हात सत्तर पानांचा पुडा बांधत त्या बसतात.

पोरं म्हणतात तेपण होतं. नवी कोवळी पालवी यावी म्हणून आधी आग लावायची, मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायचा, ती आग पसरते आणि त्यात साग-बिजाची दोन-तीन वर्षांची रोपं खलास. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने यावर टोकाचा निर्णय घेतला. त्यांना २०१२ मध्ये १००६ हेक्टरचा हक्क मिळाला आणि त्यांनी तेंदू तोडणंच बंद केलं, फांद्या छाटाव्या लागतात, आगी लागतात, टेंबरं म्हणजे तेंदूची फळं पाखरांनाही मिळत नाहीत म्हणून. जंगलाचा एक तुकडा तर अजिबात हात न लावता राखला. पण हे त्यांना जमलं कारण बांबू होता, बांबूच्या विक्रीतून गावातच मजुरी निघाली. तुमच्याकडे बांबू किती आहे ते मोजल्याशिवाय पाचगावची नक्कल करू नका. बांबूचीही गंमत बघा, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरचा हक्क मिळाला तरी वनखातं वाहतूक परवाना देईना, बांबू गौण वनोपज नाहीच म्हणे, २००६ च्या वनहक्क कायद्यात तसं स्वच्छ लिहिलेलं असताना. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले तेव्हा परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं.

तिसरा रस्ता तुमच्याच जिल्ह्यात कोरचीला आहे. तिथे सुमारे ९० गावांच्या ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. एकटं गाव ठेकेदारासमोर बसलं की भाव तो ठरवतो, नव्वद गावं बसली की जरा खुर्ची सरकवून बसतो. तेव्हा माझं मत, यंदा तोडा, पण ठरावात लिहा की आग लावली तर फळी (पानं गोळा करायचं ठिकाण) बंद, शेजारच्या गावांशी मिळून लिलाव करा, मोहाखाली झाडून घ्या किंवा जाळी अंथरा, आणि आलेल्या पैशातला ठराविक हिस्सा जाळरेषा (आग अडवायला साफ ठेवलेली पट्टी) आणि राखणदारीला बाजूला काढा. त्या राखणदारीत पोरांना घाला, बोलतायत ना तर करू दे.

प्रश्न : आमच्या गावाने पाण्याचा ताळेबंद केला, ऊस बंद केला. वरच्या गावाने मात्र शेततळ्यांत बोअरचं पाणी ओढून भरलं. आम्ही एकटेच शहाणे होऊन उपयोग काय? – पारनेर

एकट्या गावाला जेवढं करता येतं त्याचं उदाहरण तुमच्या शेजारीच आहे, हिवरे बाजार. पोपटराव पवार १९८९ ला सरपंच झाले तेव्हापासून चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअर नाही, पाऊस मोजून पीक ठरवायचं. त्यांच्या बाजूने एक गोष्ट होती, पाणलोट बराचसा गावातच येतो. तुमचा तसा नाही.

म्हणून अरवरीचं बघा, राजस्थानात अलवर जिल्ह्यात. उगमाकडच्या भावता-कोल्याळा गावांनी तरुण भारत संघ या संस्थेबरोबर १९८६-८७ च्या सुमाराला जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवायचे मातीचे बांध, बांधायला घेतले, मग खालच्या गावांनी, आणि नव्वदच्या दशकात मरून पडलेली नदी वाहायला लागली. वाहायला लागल्यावर मासे आले आणि मासे आल्यावर सरकार आलं! १९९६ मध्ये हमीरपूरला मासेमारीचा ठेका परस्पर देऊन टाकला. लोकांनी तो रद्द करायला लावला, पण त्यातून लक्षात आलं की नदी आणली तशी ती सांभाळणारी काहीतरी यंत्रणा पाहिजे. १९९९ मध्ये सत्तर गावांची अरवरी संसद बसली, ऊस नाही, नदीतून थेट उपसा कधी करायचा कधी नाही, चराई, तोड, सगळ्याचे नियम. या संसदेला कायद्याचा काडीचा अधिकार नाही बरं का, सगळा जोर सोयरीक आणि लाजेचा. तुमच्या वरच्या गावात तुमच्या किती मुली दिल्यात? हसू नका, तिथूनच सुरुवात करा. मुलीच्या सासऱ्याला पाण्याची गोष्ट सांगणं तहसीलदाराला सांगण्यापेक्षा सोपं जातं, आणि दोन्ही गावं बसलीत तरच नियम टिकेल.

प्रश्न : शाळेतर्फे माळावर पाच हजार रोपं लावतोय, कोणती लावू? – मंगळवेढा

सर, माळावर लावूच नका. माळ म्हणजे उजाड जमीन नव्हे, ते गवताचं रान आहे. लांडगा, चिंकारा, चंडोल, धनगराच्या मेंढ्या, सगळे गवतावर. तुमच्याच जिल्ह्यात नान्नजला माळढोक पक्षी होता, आता नावापुरता उरलाय, आणि माळावर ग्लिरिसिडियाच्या झाडांची गर्दी करून काय मिळतं तेही तिथे जवळ आहे, पोरांना सहलीला न्या. रोपं ओढ्याकाठी आणि शाळेच्या आवारात लावा, पाच हजार नको, पन्नास लावा आणि जगवा.

प्रश्न : आम्ही सात शेतकरी ओढ्याकाठी बिनारसायन भाजी करतो. ग्राहक सर्टिफिकेट मागतात आणि एजंट भरमसाट पैसे. स्वस्तात काही आहे का? – भोर

आहे, पीजीएस-इंडिया. केंद्राची योजना आहे, २०११ पासूनची. यात बाहेरचा तपासनीस नाही, गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेतात जाऊन तपासतात, शपथपत्र लिहितात, आणि गट ठरवतो कोण पास. रसायनं सोडल्यावरच्या बदलाच्या काळात पीजीएस-ग्रीन मिळतं, पूर्ण झालं की ऑरगॅनिक. एक्स्पोर्टला चालत नाही, तुम्हाला पुण्यातच विकायचंय तर भरपूर झालं. दोन गोष्टी आत्तापासून करा. शेजाऱ्याचं तणनाशक वाऱ्याने येतं त्या बाजूला तुरीची किंवा शेवरीची दाट ओळ ठेवा, आणि ओढ्याच्या काठची पट्टी नांगरू नका, म्हणजे वरच्या शेतातलं पाणी थेट तुमच्या वाफ्यात न येता गवतात अडेल. तपासायला गेलात की भिडेखातर पास करू नका, एकाच्या शेतात युरियाची गोणी सापडली की अख्ख्या गटाचं नाव जातं. कमीत कमी पाच जण लागतात. तुम्ही सात आहात, म्हणजे दोघं भांडून बाहेर पडले तरी चालेल.